एक जूनची माणसं

दांडिया बाजारातल्या लायब्ररीच्या दाराशी
एक काळा फळा होता.
ताम्हाणेबाई रोज सव्वाआठला त्यावर लिहायच्या
आज कोण जन्मलं, आणि खाली
कपाट, खण, पुस्तकाची तब्येत.

अकरा मार्च. विजय हजारे.
क्रिकेट, कपाट चार. मधली आठ पानं
कुणीतरी घरी नेली आहेत. वाढदिवसाला तरी परत आणावीत.

एकोणतीस फेब्रुवारीला, आला तर, गुलाबी खडू.

मी फळा पुसणारी. ओलं फडकं, बादली.
अण्णा आत, जिन्याखाली,
खळीच्या डब्याशी मांडी घालून
पुस्तकांच्या पाठी शिवत.
दामोदर जीनगर. सगळी कपाटं
एकदा तरी त्यांच्या हाताखालून गेलेली.
वाचलं किती, विचारलं तर म्हणायचे,
"पहिलं पान आणि शेवटचं.
मधलं सुईला ठाऊक."

एक जूनला बाईंनी लिहिलं: नर्गिस.
सिनेमा, कपाट अकरा.
तर नऊच्या आत काउंटरवर ही गर्दी.
बाई, आमचाही आजच!
पोस्टातले साळवी, सेव-उसळवाले जगदीशभाई,
सूरसागराकाठी छत्र्या दुरुस्त करणारा,
आणि नळाचं बिल भरायला
चुकून आत आलेला एक जण.
शाळेत नाव घालताना मास्तरांनी
दौतीतून काढलेली सगळ्यांची तीच तारीख.
बाई हसल्या नाहीत.
नर्गिसच्या खाली मावतील तितकी नावं लिहिली,
मग फळ्याच्या चौकटीवर,
मग भिंतीवर.

जिन्याखालून आवाज आला, "माझंही घाला."
"तुमचं नाही," बाई म्हणाल्या.
"तुम्ही घरचे. तुमची शोधून देते."

शोधायचं म्हणजे वाडीतली थोरली आत्या.
तिला साल आठवेना. आठवलं ते असं:
सूरसागरात गणपती बुडवून आलो,
दारातली ओली पावलं वाळली नव्हती
तोवर दामू रडला.
आणि त्या साली वैशाख दोनदा आला,
माझं लग्न महिनाभर पुढं गेलं, मी रुसले होते.

बाईंनी कपाट एकतीस उघडलं,
जे कुणी उघडत नाही. पंचांगं.
वाळवीची माती झटकत, चष्मा कपाळावर,
आत्याच्या रुसव्याचं वर्ष
त्यांना तिसऱ्या दुपारी सापडलं.
शके अठराशे पंच्याहत्तर. अधिक वैशाख.
अनंत चतुर्दशी: बावीस सप्टेंबर.

त्या बावीसला मी पोचले तर फळा आधीच पुसलेला,
आणि भरलेला:

लंडनच्या एका लोहाराचा मुलगा.
बाइंडरच्या दुकानात उमेदवारी करता करता
शिवायला आलेली पुस्तकं वाचत गेला.
आपल्या डोक्यावरचा पंखा फिरतो,
त्याचा धागा याच्या हातापर्यंत पोचतो.
तसेच श्री. दामोदर जीनगर, आमचे बाइंडर.
विज्ञान, कपाट सतरा, खण दोन.

अण्णा सायकल धरून उभे राहिले,
स्टँड लावायचं विसरून.
"श्री."वर बोट ठेवलं. खडू लागला,
तो पँटीला पुसला.
मग बाईंना म्हणाले, "सतरा-दोन?
त्याची शिवण सुटलीय.
आज कुणाला देऊ नका."

सहाला मी जिन्याखाली बोलवायला गेले.
सुई खळीच्या डब्याच्या झाकणाला टोचलेली,
दोरा ओवलेला, कोरडा.
"थांब जरा," म्हणाले, मान वर न करता.
पान एकशे बारा.