वर्गणी

एकतीस वर्षं मी त्या खिडकीत बसले.
कागद गिरणीचा उकडलेल्या कोबीसारखा वास
पावत्यांनासुद्धा यायचा.
हेलसिंकीहून फोन येई : राइली, सभासद किती झाले?
मी आकडा सांगे.
का झाले, ते कुणी विचारत नसे.

कारण तसं साधंच, थोडं अवघडवणारं.
बेकारीचा भत्ता आमच्याच खिडकीतून मिळायचा.
मंदीच्या त्या हिवाळ्यात रांग पार पुलापर्यंत गेली होती,
टोप्या कानांवर ओढलेली, न बोलणारी रांग.
बंद पडलेलं प्रत्येक यंत्र
माझ्या वहीत चार नावं वाढवत होतं,
आणि अहवालात आम्ही लिहीत होतो :
चळवळ जोमात आहे.

थोरला भाऊ वेइक्को ऑस्ट्रेलियात,
माउंट आयझाच्या तांब्याच्या खाणीत.
तिथं कार्ड नाही तर काम नाही.
पहिल्याच दिवशी फाटकापाशी कुणीसं त्याच्या खिशात कार्ड कोंबलं.
'गुड मॉर्निंग' म्हणता येण्याआधी
वेइक्को सभासद झाला.
पुढं कायदा बदलला. कोंबणारे हात गेले.
त्यानं पत्रात लिहिलं :
'युनियन मी सोडली नाही गं,
नुसती पुढची वर्गणी भरली नाही.'

झेंडे खोटे नव्हते. एक मेची गाणीही नव्हती,
गळा बसेस्तोवर मीही गायले आहे.
पण झेंड्याखाली किती जण उभे आहेत
ते झेंड्याला विचारू नये.
खिडकीतल्या बाईला विचारावं.

निवृत्तीच्या आठवड्यात पिह्ला आली.
गोदामात खोकी भरते, आई आमच्याच गिरणीतली.
'राग मानू नका,' म्हणाली,
'तो दुसरा निधी नुसता भत्ता देतो. सभा नाही, काही नाही.
निम्म्यात होतं.'
राग कसला? नाव काढायचा अर्ज
मीच भरून दिला.
सही करताना तिचा हात थांबला :
'रात्री अकराला मेसेज आला, उद्यापासून येऊ नकोस,
तर फोन कुणाला करायचा?'

निधीचा नंबर छापलेला होता. वेळ नऊ ते तीन.
त्याखाली मी घरचा लिहिला.
मग वहीत तिच्या नावावर रेघ ओढली,
पेन्सिलीनं.

फोन अजून तरी वाजलेला नाही.
तशी मला झोपही उशिराच लागते.