दोन पेरं

तीस एप्रिलला कॅश काउंटरची चावी सोपवली
आणि एक मेला नर्सरीत गेले.
छत्तीस वर्षं सहकारी बँकेत नोटा मोजलेल्या बाईला
एवढंही कळू नये
की नागपुरात बाग सुरू करायचा हा महिना नव्हे.

फुलझेले खुर्चीतून उठलासुद्धा नाही.
ओल्या दुपट्ट्याआडून म्हणाला,
‘बाई, आता काही नेऊ नका. पैसे वाया जातीन.’
गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार
मी पहिल्यांदाच पाहिला,
म्हणून हट्टानं मोगरा घेतला,
एक तुळस,
आणि नाव विचारायचं राहून गेलेलं
जांभळ्या पानांचं काहीतरी.

मानेवाड्यात तिसऱ्या मजल्यावरचा स्लॅब
सकाळी नऊलाच पायाला चावतो.
मी सकाळी पाणी घातलं. दुपारी घातलं.
जेवताना आठवलं, उष्ट्या हातानं उठून घातलं.
रात्री कूलरच्या घरघरीत जाग आली की वाटायचं
त्यांनाही तहान लागली असेल,
मग गाऊनवरच बादली घेऊन गच्चीत.
पंधरा दिवस.
कुंडी उलटी केली तेव्हा मुळं काळी,
आणि वास, गाळ उपसलेल्या विहिरीचा.

शेहेचाळीस डिग्रीत
माझी झाडं बुडून मेली.

फुलझेले हसला नाही, हे बरं केलं.
‘उन्हानं नाही मारलं जी. तुमी मारलं, लाड करून.’
मग स्वतःचं बोट वर करून दाखवलं.
‘दोन पेरं मातीत घाला.
ओल लागली तं घरात जा.
कोरडं लागलं तं पानी.
बस. एवढीच शाळा हाये.’

या बोटाची आणि माझी जुनी ओळख.
ओल्या स्पंजवर टेकून टेकून
त्याच्या रेषा पुसट झाल्यात.
गड्डीत चिकटलेली जास्तीची नोट
ते न बघता ओळखायचं.
ओल म्हणजे काय
हे त्याला कोणी नव्यानं शिकवेल
असं वाटलं नव्हतं.

जुन्या कूलरची टाकी तळाला गंजलेली,
भंगारवाल्यासाठी काढून ठेवलेली.
‘गळते? मंग थेच पायजे!’
उमरेड रोडची काळी माती,
पाणी आत घेताना शंभर नखरे
आणि घेतलं की सोडायचं नाव नाही,
तिच्यात निम्मी रेती, दोन घमेली शेणखत.
बोकड्यांच्या मुलानं पोती वर चढवली,
मधल्या वळणावर टेकला, विचारलं,
‘काकू, भाजी बाजारात मिळते ना?’

फुलझेलेनं पेपरच्या पुडीत गवार दिली.
‘हे लावा. हे कोनाचं आयकत नाही.’
बारा बिया. बोटानंच बारा भोकं,
एकेक पेर खोल.
बोटाच्या तुकड्याला पेर म्हणतात
आणि बी टाकण्याला पेरणं,
साठीला टेकले तेव्हा
हे दोन शब्द मला एका जागी भेटले.

आठव्या दिवशी सात वर आल्या.
काउंटरवर पाच कमी भरले असते
तर साडेसातपर्यंत बसून राहिले असते,
शेवटी स्वतःच्या पर्समधून भरले असते.
इथे कोणाचं व्हाउचर तपासू?
बोटानं उकरून बघायला गेले,
हात मागे घेतला.
सात तर सात.

आता नवतपा लागलाय.
हिरव्या जाळीखाली साती जणी
दुपारी माना टाकतात, माझा जीव घेतात,
आणि सहाच्या सुमाराला अशा उभ्या
जशा आत्ताच चहा पिऊन आल्या.

मी बादली भरते.
टाकीपाशी उकिडवी बसते.
बोट घालते.
पहिलं पेर कोरडं, तव्यासारखं.
दुसऱ्याला
गार लागतं.

नखातली काळी रेघ साबणानं निघत नाही.
बादली आत नेते.
फरशी पुसायची राहिलीच आहे.