अर्धा लिटर

बुरमाकान आपाच्या कंटेनरात दिवा नाही.
दारातून शिरेल तेवढाच बिश्केकचा उजेड,
आणि त्यात डब्यांच्या चार रांगा.
"किती खाते?" तिनं विचारलं,
लेकराबद्दल विचारावं तसं.
हजार किलोमीटरला लिटरभर. कधी थोडं वर.
"गळतं की जळतं?"
रात्रभर गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला होता मी.
सकाळी कोरडा ठणठणीत.
"धूर कधी?"
खिंड उतरताना माझा पायच नसतो पॅडलवर.
खाली सपाटीला लागले की दाबते,
तेव्हा आरशातला सगळा रस्ता निळा.
"व्हॉल्व्हचे सील. रबर वाळलंय," आपा म्हणाली,
"माझ्या टाचांसारखं."

ऑडी एक्क्याण्णव सालची.
मीटरवर चार लाख ऐंशी हजार,
आणि आमच्या आधी तो किती वेळा उलटा फिरवला
ते विकणाऱ्या लिथुआनियन माणसाला ठाऊक.

मी सोनेरी डब्याकडे बोट केलं.
"झिरो डब्ल्यू थर्टी? पाण्यासारखं असतं ते.
तुझी म्हातारी एका घोटात संपवेल
आणि एवढे पैसे तू आरशात बघत बसशील."
मग ते काळं, जाडं, वीस-पन्नास?
"जानेवारीत खिंडीवर उणे अठ्ठावीसला
त्याचा मध होतो. स्टार्टर रडेल. तू रडशील.
मागचे तिघे आधी बिस्मिल्ला म्हणतील
आणि मग दुसरी टॅक्सी बघतील."
निदान इंजिन आतून धुऊन घेऊ?
आपा पहिल्यांदाच हसली.
"वीस वर्षांचा मळ आहे तो, पोरी.
अर्धी भोकं त्यानंच बुजवलीत."

ग्लव्ह बॉक्समध्ये वडिलांची वही आहे,
कडांनी काळी, मधोमध फुगलेली.
तारीख, ठिकाण, किती ओतलं.
कारा-बाल्टा, पाव. खिंड, अर्धा.
तोक्तोगुल, काही नाही,
आणि त्याखाली दोन रेघा, खुशीत मारलेल्या.
नोव्हेंबर दोन हजार:
मुलगी झाली. अर्धा लिटर.
बस. एवढंच.
किती वेळा वाचलंय मी ते पान.
दवाखान्याच्या आवारात बॉनेट उघडून उभे असतील,
नर्स हाक मारत आली असेल,
की आधी आत येऊन मला बघून गेले?
वाक्यांचा क्रम बघता
आधी मी.

शेवटी आपानं मागच्या रांगेतून एक डबा ओढला.
पाच-चाळीस, अर्धं सिंथेटिक,
वर लिहिलेलं: जुन्या गाड्यांसाठी.
"रबर जरा मऊ करतं. चमत्कार करत नाही.
दर पाचशेला काडी बघायची,
वरच्या खुणेच्या वर जायचं नाही,
हौसेनंसुद्धा नाही."
पन्नास सोम कमी केले
आणि लिटरभर वेगळं दिलं, सीटखाली ठेवायला.
खिंडीवर ते कुणी विकत नाही.

पहाटे तीनला बोगद्यापलीकडे थांबले.
इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटं द्यावी लागतात,
वर चढलेलं खाली उतरेपर्यंत.
पाच मिनिटं फार असतात तिथे.
मागे एक मास्तर, मांडीवर कोंबडीच्या पिल्लांचं खोकं,
पिल्लं गाडीच्या उबेनं गप्प होती, आता चिवचिवायला लागली.
"बिघडली का?"
नाही म्हटलं. झोपा.
काडी ओढली, पुसली, घातली, पुन्हा ओढली.
टॉर्च दातात.
दोन खुणांच्या मधे, खालच्या बाजूला,
मधाळ रंगाची एक बारीक रेघ,
अजून स्वच्छ.
बाटली कोटाच्या आत धरून आणली होती, ती उघडली.

मग वही काढली.
खिंड. पाव.
तारीख लिहायला गेले
तर थंडीनं पेन आखडलं,
नुसता ओरखडा उमटला कागदावर.