आठवून काढलेला नकाशा

शनिवारी प्रशिक्षण. सहीच्या कागदावर
नावापुढे वेळ लिहिली नऊ पाच,
खरं तर नऊ वीस होऊन गेले होते.
मोमीन सरांनी मागची खुर्ची धरून ठेवलेली,
खुर्चीवर त्यांची छत्री, छत्रीखाली
माझ्या वाटचा वडा.
फळ्यावर: जागतिक शिक्षण, दिवस दुसरा.

ऋजुता मॅडम माझ्या थोरलीच्या वयाच्या.
म्हणाल्या, फोन ठेवा, पुस्तकं मिटा,
कोऱ्या कागदावर जगाचा नकाशा काढा.
आठवून.

एकोणीस वर्षं मी भूगोल शिकवते.
बिबवेवाडीच्या वर, टेकडीच्या अंगावर आमची मनपाची शाळा,
तिथे नकाशा रोज माझ्या पाठीमागे टांगलेला असतो.
पाठीमागे.
हे त्या दिवशी लक्षात आलं.
न वळता छडीचं टोक गिनीच्या आखातावर ठेवणारी मी
पेन्सिल घेऊन बसले,
आणि भारत काढून झाल्यावर
हात थांबला.

मग काय, सुचेल तसं.
आफ्रिकेचं वांगं झालं.
दक्षिण अमेरिकेला जागा उरली नाही,
तिला कागदाच्या मागे पाठवली.
श्रीलंका मात्र झकास.
मोमीन सर हळूच म्हणाले, बाई, न्यूझीलंड?
म्हटलं, सर, तुमच्याकडे अख्खा युरोप गैरहजर आहे.
आम्ही तोंडावर हात ठेवून हसलो,
ज्या हसण्यासाठी मी मागच्या बाकाला
तासभर उभं करते, तसंच.

साडेबाराला पडद्यावर केनियातल्या वांजिरू बाई आल्या,
नाकुरूच्या. त्यांच्याकडे दहा वाजलेले.
त्यांच्या खिडकीत कोंबडा ओरडत होता.
माझं इंग्रजी म्हणजे उंबऱ्यातच चपला शोधत राहणारा पाहुणा.
त्यांनी विचारलं, वर्गात मुलं किती?
मी बोटांनी दाखवलं, आधी सहा, मग दोन.
आठ? त्या म्हणाल्या. भाग्यवान आहात.
नाही हो, बासष्ट!
तेव्हा त्या हसल्या, मान हलवत,
त्यांची एकाहत्तर.

मग त्यांनी आपला कागद कॅमेऱ्यासमोर धरला.
पानभर आफ्रिका. नद्या, सरोवरं, सगळं जागच्या जागी.
आणि उजव्या कडेला लोंबणारा एक मणी,
तो भारत.
मला राग आला. खोटं कशाला बोलू,
चांगला दोन मिनिटं राहिला.
तेवढ्यात माझा कागद दाखवायची वेळ आली.

त्या बराच वेळ शोधत राहिल्या.
शेवटी विचारलं, यात मी कुठे?
मी वांग्यावर अंदाजाने बोट ठेवलं.
बहुधा ते चाड होतं.
त्या काहीतरी सांगायला लागल्या आणि नेट गेलं.
पडद्यावर त्यांचं बोट तसंच वर,
चहा येईपर्यंत.

सोमवारी सातवी ब.
भिंतीवरचा नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला,
टेबलाजवळ न थांबता मुलांत जाऊन बसले.
फरशी थंड होती. गुडघे वाजले, मुलांनी ऐकलं.
म्हटलं, काढा. मीही काढते. खोडरबर नाही.

कुणी क्रिकेट खेळणारे देशच काढले.
अल्फियाने दुबई काढली, बाबा जिथे राहतात ती,
आणि समुद्र विसरली.
खगेंद्र साउद, गंगाधामच्या सोसायटीतल्या वॉचमनचा मुलगा,
बोलत नाही फारसा.
त्याने एक लांब रेघ ओढली, तिच्यावर चार ठिपके:
बनबसाचा पूल,
आई ओकली ती जागा,
पोलिसांनी पिशवी उपसली ती जागा,
पुणे स्टेशनवरचा नळ.
बाकी कागद कोरा.

मी सवयीने विचारलं,
उत्तर दिशा दाखवली नाहीस?
त्याने कागद हातात फिरवला,
एकदा असा, एकदा उलटा,
आणि म्हणाला,
बाई, येताना, का जाताना?

कृतीचा अहवाल शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे, फोटोसह.
त्या कागदावर बाण
अजून काढलेला नाही.