ओल

देवपुरात नळ येतो आठव्या दिवशी.
म्हणून मोरीत सहा ड्रम, दोन टाक्या, एक चेपलेली कळशी,
आणि भिंतीला कमरेपर्यंत ओल.
ओल तिथे डास, डास तिथे कोळी.
एवढं गणित मला येतं.

मयूरी अंघोळीला जाईना.
बादली घेऊन अंगणात बसली, फ्रॉकसकट.
मी पदर खोचून आत, हातात केरसुणी,
तेवढ्यात भागाबाई, पापड उलटता उलटता भिंतीपलीकडून,
"मारू नको वं माय, तुनं काय बिघाडस तो?"

बरं. बघू तर आधी.

एक छताच्या कोपऱ्यात, उलटी टांगलेली.
पाय केसासारखे, अंग तांदळाच्या कणीएवढं.
काडीनं जाळं हलवलं
तर अशी थरथरली की दिसेनाशीच झाली.
तोंडात खसखशीची पुरचुंडी.
डोळे बारीक करून पाहिलं, अंडी.
म्हणजे पिल्लं निघेपर्यंत हिला उपास.

एक ड्रमामागे, चपटा, तळहाताएवढा,
भाजक्या पापडाच्या रंगाचा. याला जाळं नाही.
रात्री झुरळं धरतो.
दिवा लावला की पळतो,
माझ्याकडे नाही, माझ्यापासून.
हे मयूरीला तीनदा सांगावं लागलं.

आणि खिडकीच्या गजावर एक मुगाएवढा,
उडी मारणारा.
आपण बोललो की वळून बघतो.

तेव्हापासून असं ठरलंय,
कोपऱ्यातलीला हात लावायचा नाही.
दाराशी येणारी जळमटं, नळ यायच्या दिवशी,
काठीला फडकं गुंडाळून.
तळहाताएवढा दिसलाच तर
वरून काचेचा पेला, खालून जिभाऊंच्या नातवाची लग्नपत्रिका
(जाड आहे, सोनेरी, टाकवत नव्हती)
आणि मागच्या निंबाखाली सोडून यायचं.
परवा मयूरीनं नेला.
पेला दोन्ही हातांत, डोळे मिटून,
मग चालता येईना म्हणून एक उघडा.

खरा उपाय लोटनला माहीत आहे.
तो गावाचे नळ दुरुस्त करतो.
घरचा पाइप पाझरतो, हे दिवाळीपासून सांगतेय.
वायसर त्याच्या खिशातच आहे,
पँट धुताना दोनदा सापडला.
ओल गेली की डास जातील,
डास गेले की हेही आपोआप. कुणाला मारायला नको.

पण वैशाखात दुपारी
पत्रे तापून कडकड वाजतात
तेव्हा मीही मोरीच्या फरशीवर येऊन बसते,
पाय पसरून, ड्रमाला पाठ लावून.
घरात थंड अशी ही चार हात जागा.
वर ती आता थरथरत नाही.
मला ओळखते, असं मी म्हणणार नाही.

काल बघितलं तर पुरचुंडी सुटलेली.
कोपराभर बारीक ठिपके,
ठिपक्या-ठिपक्याला पाय.

वायसर मी खिशातून काढून
साखरेच्या डब्यामागे ठेवलाय.
चार दिवस.
मग देईन.