गावाची प्रत

कादंबरी आमच्या गावावर आहे, आणि गावात तिची एकच प्रत.
ती माझ्या ताब्यात असते. नगरपालिकेचं वाचनालय,
मासळीबाजाराच्या वरचा मजला, मंगळवार ते शुक्रवार.
इथं परत येणाऱ्या पुस्तकांना थोडं मीठ लागलेलं असतंच.

लिहिणारी माद्रिदची. दोन उन्हाळे
बाल्बिनाच्या खाणावळीत राहिली,
म्हाताऱ्यांना वाइन पाजली आणि ऐकत बसली.
मग सहाशे बारा पानं, चार पिढ्या, दोन घराणी:
बोटीवाले लेमा आणि डब्यांचा कारखाना असलेले ब्रान्या.
नावं तिनं बदलली. नाकं तशीच ठेवली.

पहिल्याच हिवाळ्यात प्रत चौदा घरं फिरून आली.
समासात पेन्सिलीनं:
"बोट हिरवी होती."
"सार्डिन फेब्रुवारीत? या बाईनं मासा पाहिलाय का?"
"माझे आजोबा कधीच रडले नाहीत."
त्याखाली दुसऱ्या अक्षरात:
"रडले. मी तिथे होते."
पान दोनशे अकरावर वादळात तीन बोटी जातात.
तिथं कुणीच काही लिहिलेलं नाही.
पानाचा कोपरा तेवढा मऊ झालाय, जुन्या नोटेसारखा.

नियमानं हे सगळं मी खोडायला हवं.
खोडरबर खणात आहे.

या गावात नाती मोजायला बसाल तर
हाताची बोटं संपतात, मग शेजाऱ्याची घ्यावी लागतात,
आणि तोही तुमचा आतेभाऊ निघतो.
मामा तोच सासरा. मावशी सवत होता होता राहिली.
वर्षानुवर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारे दोघं
शेवटी एकाच पाण्यात सापडले,
आणि पाद्र्यानं दोघांची मिस्सा एकदमच उरकली,
मेणबत्त्या वाचल्या.

पान तीनशे अठ्ठ्याऐंशी: आमारो लेमा
(पुस्तकात त्याचं नाव दुसरंच आहे)
बुएनोस आयर्सच्या वाटेवर जहाजात तापानं मरतो.
समासात: "मेला कसला!
चौऱ्याहत्तरपर्यंत पैसे येत होते. दोन घरी."
हे अक्षर पोस्टातल्या एउसेबियोचं.
निवृत्तीनंतर त्याला तोंड फुटलंय.

आता ते सुरुवातीचं पान, वंशवृक्षाचं.
डावीकडे लेमा, उजवीकडे ब्रान्या,
मध्ये चार बोटं कोरा कागद,
लग्नात दोन्हीकडचे पाहुणे सोडतात तेवढा.
तिसऱ्या पिढीत आमारोपासून एक रेघ निघते.
छापलेली नाही. इतकी फिकट
की दिव्याखाली पान तिरकं धरावं लागतं.
कोरा कागद ओलांडून ती ब्रान्यांच्या धाकटीपाशी पोचते,
सगळ्यात गरीब फांदी, जिच्यापुढे छापलंय: अविवाहित.
रेघेखाली एक छोटं वर्तुळ.
वर्तुळात नाव नाही.

रेघेच्या टोकाला आकडा आहे, किंचित वर वळलेला.
तेवीस वर्षं कारखान्यात डबे मोजताना
पाचव्या डब्याची रेघ आई अशीच वळवायची.
पुस्तक तिनं एकाच रात्रीपुरतं नेलं होतं.
"अक्षर बारीक आहे," म्हणाली, "मला नाही जमायचं."
आणि मला भाजी निवडायला बसवलं.

मी काही विचारलं नाही. ती सत्त्याऐंशीची आहे,
आणि मी बासष्ट वर्षं न विचारण्यात तरबेज झालेय.

नंतर पुस्तक एलादिओनं नेलं.
आमारोचा थोरला. सत्तरीतही लाटेचा अंदाज घेऊन
खडकांवर पेर्सेबेस काढायला उतरतो.
उभ्या आयुष्यात त्यानं दुसरं पुस्तक नेलेलं नाही.

शुक्रवारी बंद करायच्या वेळी आला.
प्रत टेबलावर ठेवली, तिच्याशेजारी
ओल्या वर्तमानपत्राची पुडी. अर्धा किलो तरी असतील,
अजून समुद्राचा वास येणारे, काळे, जाड, नखासारखे.
"उशीर झाला," म्हणाला. "दंड."
माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ,
मग टोपी घालून जिना उतरला.

मी कार्ड काढून तारीख पाहिली.
पुस्तक वेळेत होतं.