उतरता लिलाव

आमच्या बंदरात मासळीचा लिलाव उलटा चालतो.
रेमिशियो वरच्या आकड्यापासून सुरू करतो आणि खाली येतो,
भराभर, श्वास न घेता, जिना उतरावा तसा.
ज्याला पेटी हवी तो मध्येच ओरडतो: माझं!
थांबला त्याला स्वस्त पडते,
फार थांबला तर हात हलवत घरी.

'एर्मिंदा' फेब्रुवारीत गेली. सात जण.
दोन सापडले.

मी शाळेत चित्रकला शिकवते.
जाळी विणता येत नाहीत, विमा कंपनीशी भांडता येत नाही.
चौदा दिवस सूप घेऊन दारोदार गेले
आणि चौदा दिवस पातेलं भरलेलंच परत आणलं.

मग अमारोच्या आईने पडवीतून एक डबा काढला.
बोटीला लावून उरलेला रंग.
गॅलिसियाच्या या काठावर घरांची दारं बोटींच्याच रंगाची,
उरलेलं टाकतो कोण?
"वाळून जाईल," ती म्हणाली. "ने."

सात घरांतून अकरा डबे जमले.
एकावर दुधासारखी साय धरली होती,
आणि सायीत रुतलेला ब्रश,
कुणीतरी "आलोच" म्हणून उठल्यासारखा.

मासळीच्या खोक्यांची फळकुटं घासून घेतली.
चेहरे काढायची छाती झाली नाही.
रबरी बूट काढले. थर्मास. ओली गाठ.
एलादियोचा डावा हातमोजा, त्याचं एक बोट पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं.
आणि शेवटी बोट.
रात्री ब्रश धुताना वाटायचं,
मढ्याच्या टाळूवरचं लोणी ते हेच का?
हात मात्र थांबत नव्हता, त्याचीच लाज जास्त.

दोसिंदा एकदा येऊन बघून गेली.
"हिरव्याचा एक हात कमी आहे.
त्याने यंदा दोन दिले होते."
मी दुसरा हात दिला.

शनिवारी लिलावघर धुऊन काढलं. वास गेला नाही.
"हातमोजा! तीनशे—"
"माझं!"
पुढचा आकडा त्याला म्हणूच दिला नाही.
"थर्मास! दोनशे—" "माझं!" बेकरीवाली.
अर्ध्या युरोसाठी तासभर हुज्जत घालणारा व्हिगोचा व्यापारी
बुटांवर चारशेला ओरडला आणि खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.
रेमिशियो गोंधळला.
तीस वर्षांत त्याचा जिना पहिल्याच पायरीवर कधी थांबला नव्हता.

मग बोट.
"पाचशे."
कुणी बोललं नाही.
"चारशे ऐंशी. चारशे साठ."
माझ्या पोटात गोळा आला: चित्र फसलं.
"दोनशे. शंभर."
बेकरीवाली छताकडे बघत होती, व्यापारी दारातून फरशीकडे.
अख्खं बंदर कुठे ना कुठे बघत होतं,
फक्त मागे, बर्फाच्या यंत्रापाशी
दोसिंदा उभी होती तिकडे कुणी नाही.
तेव्हा कळलं.
"नऊ. आठ."
रेमिशियो आता पाण्याचा अंदाज घेत पाय टाकावा तसा उतरत होता.
"दोन.
एक."

"माझं," ती म्हणाली.
कोटाच्या खिशातून नाणं काढलं, टेबलावर ठेवलं.
"पावती द्या."

अकरा हजार तीनशे एक्केचाळीस.
सातांनी भागलं, एक उरला.
रेमिशियोने वहीत 'बाकी १' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
घराला सोळाशे वीस येतात.
भाडं, वीज, पोरांचे बूट धरून तीन महिने.
चौथ्याचं मला विचारू नका.

जूनमध्ये अमारोच्या आईने डबा परत मागितला,
दाराला रंग द्यायचा होता.
माझ्याकडे थेंब उरला नव्हता.
दुकानातून त्याच नंबरचा आणून दिला.
तिने झाकण उघडलं, वास घेतला.
"हा तो नव्हे," म्हणाली,
आणि बाही वर करून
लावायला बसली.